सेसिलबाईंनी दाखवलेली तीन संग्रहालयं

गेल्या सोमवारी टपालाने आलं ते असं: गौरवग्रंथ समितीचं छापील पत्र एक, आखीव कागद सहा, आणि तिकीट लावलेलं परतीचं पाकीट एक. माझा खर्च पेनाच्या रिफीलचा, रुपये पाच. सेसिलबाई लोबो यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त विद्यार्थ्यांनी, सहकाऱ्यांनी आणि स्नेह्यांनी आठवणी लिहून पाठवाव्यात असं पत्रात होतं. मी बाईंची विद्यार्थिनी नाही आणि सहकारी तर नाहीच. दहावी पास झाले, लग्न होऊन आचऱ्याला आले आणि देव्हारा, चूल, नारळ आणि घरखर्चाची वही यांतच राहिले. तरी मला पत्र आलं, म्हणजे नाव बाईंनीच दिलं असणार. गावच्या रामेश्वराला नमस्कार करून लिहायला बसले आहे. चुकलंमाकलं तर समितीने दुरुस्त करून घ्यावं.

बाईंची माझी पहिली ओळख झाली ती माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. माझी मुलगी दीपा दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली, तेव्हा तिला विज्ञानाला घाला हे सांगायला बाई स्वतः घरी आल्या होत्या. पंचवीस-तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावरही मुलांना घरी शिकवणाऱ्या बाई, त्यांच्यासमोर काय बोलायचं म्हणून मी आतच राहिले. बाहेर आमचे हे आणि मोठे दीर बसले होते. बाईंनी विचारलं, "आवस खंय आसा तिची?" आणि उत्तराची वाट न बघता सरळ आत आल्या. मी कोकमाच्या आगळासाठी रातांब्यांना मीठ लावत होते. बाई उंबऱ्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "वर्षभर आगळ खराब होणा नाय, ता कसा गो? मीठ किती घालतंस?"

मला वाटलं बाई माझी परीक्षा घेतात. म्हटलं, "बाई, तुमी सायन्सच्या. तुमका म्हायत नाय?"

"पुस्तकातला म्हायत आसा. हातातला तुका म्हायत."

मग मीठ कमी पडलं तर फेस कधी येतो, बरणी कुठली चांगली, ऊन किती दिवस दाखवायचं, हे सगळं त्यांनी पर्समधल्या वहीत लिहून घेतलं. उठताना एवढंच म्हणाल्या, "चेडू तुझ्यासारख्या आसा. हातात घेतल्याशिवाय इश्वास ठेवणा नाय. तिका शिकव." माझ्या आयुष्यात माझं बोलणं कुणी लिहून घेतलं, ते पहिल्यांदा.

बाईंच्या कामाबद्दल त्यांचे विद्यार्थी लिहितीलच. मी त्यांच्या निवृत्तीनंतरच्या कामाबद्दल लिहिते, कारण ते मी पाहिलेलं आहे. दर जानेवारीत बाई गावातल्या चार-पाच बायकांना घेऊन पुण्याला जातात. देवदर्शनाला नाही आणि खरेदीलाही नाही. जातात ती तिथली लहान लहान संग्रहालयं बघायला. पुणं हे विद्येचं गाव, तिथे मोठी संग्रहालयं आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. बाईंना मात्र लहान लागतं. एखाद्या शाळेच्या माडीवरचं, एखाद्या कॉलेजच्या मागच्या खोलीतलं, जिथे दारावरची घंटा वाजवली की कुणीतरी किल्ल्या घेऊन येतं आणि "कोण आपण?" म्हणून विचारतं, असं. त्यांचा नियम असा की एका दिवशी एकच बघायचं आणि शंका आली तर बाईंना विचारायचं नाही. "माका इचारू नको. जो राखता त्याका इचार." आणि विचारायचं ते स्वतः, मोठ्याने, पदर तोंडाला न लावता.

ऐकायला सोपं वाटतं. पण आम्ही घरात मालवणी बोलणाऱ्या, शुद्ध मराठी बोलायचं ते तलाठ्याकडे आणि बँकेत, तेही यांच्या मागे उभं राहून. पुण्यातल्या माणसासमोर तोंड उघडायचं म्हणजे पदर आपोआप तोंडाशी जायचा.

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले त्याला आता सहा वर्षं झाली. खरं सांगायचं तर मी संग्रहालयं बघायला गेलेच नव्हते. मी गेले होते दीपाला घरी परत आणायला.

दीपा तेव्हा पुण्याला विद्यापीठात भूशास्त्राच्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. भूशास्त्र म्हणजे दगडांचा अभ्यास, एवढंच मला ठाऊक. कणकवलीचं एक स्थळ आलं होतं, दुकान होतं, माणसं सज्जन होती. पण त्यांना मुलगी चैत्रापर्यंत हवी होती आणि पुढचं शिक्षण नको होतं. मोठ्या दिरांनी, म्हणजे भावोजींनी, अर्धा शब्द देऊनही टाकला होता. ते म्हणाले, "दगड शिकान काय गडगे घालतली? ती बाई पुण्याक जातासा ना, तिच्यावांगडा जा आणि चेडवाक घेऊनच ये." आमचे हे उठून नारळ सोलायला गेले. मला वाटलं, मोठी माणसं म्हणतात तर बरंच असेल. फोनवर दीपाला काही सांगितलं नाही. आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे दर रविवारी "जेवलंस?" आणि "हां, जेवलंय." तिकिटं बाई काढत होत्या. मी त्यांना म्हटलं, येताना माझ्या दोन जागा सांगा. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि "बरा" म्हणाल्या.

उतरायची सोय बाईंच्या ओळखीच्या सिस्टरांच्या वसतिगृहात होती. आम्ही पाच जणी होतो. त्यांत आमच्या शेजारच्या चंपाकाकी सगळ्यांत मोठ्या. मला मनात धास्ती होती, कारण माझे सोमवार असतात आणि परक्या स्वयंपाकघरात काय मिळणार. मी कुणाला बोलले नव्हते. पोचलो तो रविवार. सोमवारी सकाळी बघते तर बाईंनी गावाहून आणलेले राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे आणि नवीन पितळी तांब्या माझ्या खाटेशी ठेवलेला. वर त्या दिवशी बाई स्वतःही जेवल्या नाहीत. "एकट्यान उपास केलो तर भूक जास्त लागता," म्हणाल्या. बाई दर रविवारी चर्चमध्ये जाणाऱ्या, त्यांचे उपास वेगळ्या महिन्यात येतात. तेव्हापासून त्यांच्या ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासांत दर शुक्रवारी माझ्याकडून त्यांच्याकडे पेजेचा डबा जातो. यात उपकार-परतफेड असं काही नाही, पेज मला चांगली जमते म्हणून.

पहिल्या दिवशी आम्ही एका वाचनालयाच्या माडीवरचं अडकित्त्यांचं आणि कुलपांचं संग्रहालय बघितलं. चारशे तरी अडकित्ते असतील, मोराचे, पोपटाचे, बाईच्या आकाराचे. किल्ल्या सांभाळणाऱ्या एक वयस्क ताई होत्या. माझ्या मनात एक प्रश्न आला आणि सवयीने मी बाईंच्या कानाशी लागले. बाई भिंतीवरचं घड्याळ बघत राहिल्या. शेवटी मी घसा खाकरून त्या ताईंना विचारलं, "हे सगळे अडकित्ते उजव्या हाताचेच कसे? डावरी माणसं पान खात नव्हती काय?" ताई थांबल्या. म्हणाल्या, "बावीस वर्षं झाली मला इथे. हे कुणी विचारलं नव्हतं." आणि त्या स्वतःच एकेक अडकित्ता डाव्या हातात धरून बघू लागल्या. खाली उतरल्यावर चंपाकाकी म्हणाल्या, "वासंती, तुझो आवाज इतको मोठो आसा ता माका आज कळला."

दुसऱ्या दिवशी एका जुन्या कॉलेजातली तराजूंची खोली. सोनाराचे, औषधवाल्याचे, मोती तोलायचे. तिथे मी तीन प्रश्न विचारले. चहा मात्र पाच जणींत तीनच सांगितले. बाई चहाच्या बाबतीत माझ्याहून काटकसरी आहेत आणि चालतात इतक्या भराभर की आमची दमछाक होते. रागावतातही. एकीने काचेवर बोट टेकवलं, तेव्हा रस्त्यात उभं करून तिला बोलल्या. गौरवग्रंथात हे लिहू नये असं कुणी म्हणेल. पण ज्याला बाई कधी रागावल्या नाहीत असा माणूस या पंचक्रोशीत मला तरी माहीत नाही.

त्या दिवशी परत येताना माझ्याने राहवेना. मी बाईंना सगळं सांगितलं, स्थळ, भावोजींचा शब्द, दुसरी जागा. वाटलं, बाई काहीतरी सल्ला देतील. निदान "नेऊ नको" म्हणतील, म्हणजे मला घरी सांगायला त्यांचं नाव होईल.

बाई म्हणाल्या, "दोन सीटी सांगितलंस तेव्हाच माका कळला. माका सांगान काय उपयोग? चेडवाक सांगलंस?"

"नाय."

"मगे?" एवढं म्हणून बाई चालू लागल्या. मला त्यांचा मनस्वी राग आला. रात्रीचं जेवणही मी त्यांच्या पंगतीला बसून घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी विद्यापीठातली दगडांची खोली होती. ती दीपानेच बाईंना फोनवर सुचवली होती. दुपारी तीनला या, मी तिथेच असते, म्हणाली होती. लांबलचक खोली, सागवानी कपाटं, पितळी मुठी, डांबराच्या गोळ्यांचा वास. आणि दारातून आत गेल्या गेल्या समोर लाकडी चौरंगावर एकटाच ठेवलेला एक काळा, गुळगुळीत पाषाण. वरून त्याच्यावर दिव्याचा उजेड.

आता आमच्याकडे पाषाण असा वेगळा मांडलेला असला की तो देवच. आम्ही चौघींनी दारातच चपला काढल्या. मी वाकून नमस्कार केला. चंपाकाकींना तेवढ्याने समाधान होईना. आमच्या देवळात गाऱ्हाणं घालतात ते गावकर, म्हणजे मानकरी पुरुष. पण तिथे पुरुष कोण होता? काकींनी हात जोडले आणि मोठ्याने सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरा इतक्या लांबसून तुझ्या पायाकडे इली हत..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हटलं.

"काय चुकला-माकला असात ता पदरात घी, आणि इल्यासारखी सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

खोली दणाणली. आतून खोली सांभाळणारे जोगकाका धावत आले आणि त्यांच्या मागून हातात ब्रश, अंगात पांढरा डगला घातलेली दीपा. तिचा चेहरा लालबुंद. "आई, अगो काय करतंस!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यामुळे पोरीची शोभा झाली, तीही तिच्या शिक्षणाच्या जागी.

मी बाईंकडे बघितलं. बाई आमच्या बाजूला अनवाणी उभ्या होत्या. चपला काढून त्यांनी आमच्या चपलांच्या ओळीत नीट लावल्या होत्या. त्यांचा तो देव नव्हे आणि तो दगड कसला हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी चौघी अनवाणी आणि पाचवी चपला घालून, असं त्यांनी होऊ दिलं नाही.

जोगकाका म्हणाले, "अहो ताई, हा देव नाही. उल्का आहे. आकाशातून पडलेला दगड."

चंपाकाकी म्हणाल्या, "म्हणजे वरसून इल्लो?"

"हो, वरूनच."

"मगे आमचा काय चुकला?"

जोगकाकांना हसू आवरेना. त्यांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि गुपचूप चपला काढल्या. दीपा मात्र हसली नाही, कपाटाच्या काचा पुसायला वळली. घरी जिने कधी केरसुणी नीट धरली नाही, ती ब्रशने एकेका दगडाची धूळ काढत होती, बाळाचं डोकं पुसावं तशी.

मी काही न सुचून पुढे पुढे गेले. शेवटच्या कपाटात बघते तर काचेआड आमचा चिरा! ज्याचे आम्ही कुंपणाचे गडगे घालतो, विहिरी बांधतो, ज्याच्या भिंतीत माझा संसार झाला, तो तांबडा, भोकाभोकांचा चिरा. खाली चिठ्ठी. मी जोगकाकांना विचारलं, "हा आमच्याकडचा चिरा इथे कशाला ठेवलाय? यात बघण्यासारखं काय आहे?"

जोगकाका म्हणाले, "ते कपाट माझ्याकडे नाही. सगळं दीपानं लावलंय, चिठ्ठ्याही तिच्याच. तिला विचारा."

मी बाईंकडे बघितलं. बाई खिडकीबाहेरचं झाड बघत होत्या.

तीन दिवस परक्या माणसांना विचारायची जी सवय लागली होती, तीच जिभेवर आली. मी पोटच्या मुलीसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "या चिऱ्याचं काय आहे ते जरा सांगाल काय?"

दीपाने ब्रश खाली ठेवला. मी तिला "सांगाल काय" म्हटलं होतं हे माझ्या नंतर लक्षात आलं. तिच्या लगेच आलं असावं, कारण तिचे डोळे भरले. मग ती मालवणीतच सांगू लागली. की पाऊस हजारो वर्षं दगडातलं नरम ते धुऊन नेतो आणि लोखंड मागे राहतं, म्हणून तो तांबडा. खाणीतून काढताना कोयत्याने कापता येतो आणि वारा लागला की घट्ट होतो. हे मला ठाऊक होतं, का ते ठाऊक नव्हतं. मग म्हणाली, "आमच्याकडे पाऊस इतको पडता, तरी शिमग्यानंतर बावडी सुकता. कित्या? ह्या भोकांसून पाणी खाली निघान जाता. खंय जाता, खंय अडवूचा, ता माका शोधूचा आसा. तू वैशाखात दोन कळशे घेऊन घाटी चढायचंस, तेव्हापासून माका ह्या इचारूचा होता."

मी म्हटलं, "मगे इचारलंस नाय कित्या?"

"तू तरी माका कधी इचारलंस, मी काय शिकतंय ता?"

मी तिथेच, त्या कपाटासमोर, तिला खरं सांगितलं की मी तुला न्यायला आले आहे आणि परतीची जागाही काढली आहे. स्थळाचंही सांगितलं. आणि विचारलं, "तुका काय व्हया?"

"दीड वर्ष. मगे स्थळ बघूया. बघणार नाय म्हणत नाय."

संध्याकाळी भावोजींना फोन मी केला, यांना करायला लावला नाही. भावोजी म्हणाले, "म्हणजे सीट रिकामी आणतंस?" मी म्हटलं, "व्हय. शब्द तुमी दिल्यात, तुमीच परत घ्या. चेडू शिकतला." लग्नानंतर पंचवीस वर्षांत दिरांशी मी बोललेलं ते सगळ्यांत लांब वाक्य. ते तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत.

परतीच्या गाडीत ती रिकामी जागा माझ्या शेजारी होती. बाई उठून आल्या, समोरच्या बाजूला टेकल्या आणि सुजलेला पाय त्या जागेवर लांब केला. "बरी झाली सीट रिकामी," म्हणाल्या. त्या विषयावर बाई माझ्याशी बोलल्या ते एवढंच. तुम्ही माझ्या मुलीचं शिक्षण वाचवलंत असं मी आजवर त्यांना तोंडावर बोलू शकले नाही, कारण त्या लगेच म्हणतील, मी काय केलंय गो? म्हणून इथे छापून येऊ दे.

दीपाने शिक्षण पूर्ण केलं. आता ती जमिनीखालच्या पाण्याच्या कामावर असते, गावोगाव फिरते. लग्न अजून व्हायचं आहे, देव ते पण जुळवील. गेल्या वर्षी भावोजींनी विहीर खणायला काढली, तेव्हा जागा विचारायला दीपाला फोन त्यांनी स्वतः लावला. विहिरीला पाणी आहे. मेपर्यंत टिकतं का ते या उन्हाळ्यात कळेल.

बाईंचे गुडघे आता दुखतात. तिकिटांचं आणि हिशेबाचं काम दोन वर्षांपासून मी बघते, पुढे चालतात मात्र त्याच. रामेश्वर त्यांना निरोगी ठेवो, त्यांच्या देवाचाही हात त्यांच्या डोक्यावर राहो, आणि शंभरी गाठेपर्यंत त्या अशाच आमच्या पुढे चार पावलं भराभर चालत राहोत. आम्ही धापा टाकत मागून येऊ.

शेवटी एक काम आहे. येत्या जानेवारीत बाई ज्यांच्या मुली बाहेरगावी शिकायला आहेत अशा आयांना पुण्याला नेणार आहेत. हे पुस्तक वाचणाऱ्यांपैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी समितीच्या पत्त्यावर माझ्या नावे उलट टपाली कळवावं. पत्रात स्वतःचं नाव, मुलीचं नाव आणि मुलगी काय शिकते ते लिहावं. ते ठाऊक नसेल तर तेवढी जागा कोरी ठेवावी, पण पत्र पाठवावं.

सौ. वासंती घाडी, आचरा